दोन खड्ड्यांचे टिपणीसकाका

कुठल्याही गावात पाय ठेवला की टिपणीसकाका पहिला प्रश्न एकच विचारायचे, "पाणी क्यां जाय छे?" समोर सरपंच हार घेऊन उभा असो की कोणी चहाची किटली घेऊन, आधी हा प्रश्न. माणसं गोंधळायची. पाणी कुठून येतं हे सगळेच साहेब विचारतात, त्याचं उत्तर गावाला पाठ असतं. वापरलेलं, सांडलेलं पाणी पुढे कुठे जातं हे विचारणारा माणूस त्यांनी पाहिलेला नसायचा. मग एखादी म्हातारी हात करून दाखवायची, आणि काका त्या हाताच्या दिशेने चालू लागायचे. हार घालून घ्यायला आम्ही मागे उरायचो.

गेल्या फाल्गुनात काका नाशिकला मुलीकडे वारले. मुलीचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "मृणालताई, बाबा तुमच्याबद्दल नेहमी बोलायचे." काय बोलायचे, हे मी विचारलं नाही. चांगलंच बोलत असणार. वाईट बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि नेमकं तेच मला सहन होत नाही. कारण या माणसाने पन्नास वर्षं सांभाळलेलं नाव एका सकाळी मातीत गेलं ते माझ्यामुळे, आणि ते परत उभं करायला माझं एक वाक्य पुरलं असतं. ते मी बोलले नाही. आजवर बोललेली नाही.

आमची संस्था लहान. बडोद्यात गोरव्याच्या रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर चार टेबलं आणि एक बिघडलेला कूलर. बडोद्याच्या आसपासच्या गावांत शहरातली माणसं दोन दिवस राहायला येतात, त्यांच्यासाठी खोल्या, पायवाटा, पिण्याचं पाणी, कचरा, संडास यांची सोय गावाच्याच हातून उभी करायची, हे आमचं काम. मी आर्किटेक्ट, म्हणून सुंदर ते सगळं माझ्याकडे. काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर, वडिलांच्या ओळखीतले, म्हणून जमिनीखालचं ते सगळं त्यांच्याकडे. पहिल्या दिवशी त्यांनी टेबलावर बडोद्याच्या लीलो, म्हणजे ओल्या चिवड्याचा पुडा ठेवला आणि म्हणाले, "जमून आली ने तू? नसशील तर हे खा. उपाशीपोटी संडासावर चर्चा करू नये." बडोद्याच्या जुन्या मराठी घरांतली ही भाषा. जेवायला ते जमायचं म्हणायचे, माहीत नसलं की 'मला खबर नाही', आणि गुजराती बोलायला लागले की मराठी व्याकरणावर गुजराती शब्द बसवायचे. गावातल्या बायकांना ते फार आवडायचं. एवढा मोठा साहेब आपल्यापेक्षा वाईट गुजराती बोलतो म्हटल्यावर त्या मोकळेपणाने बोलायच्या.

त्यांची काम करायची पद्धत अशी की जमिनीत हातभर खड्डा खणायचा, त्यात बादलीभर पाणी ओतायचं, आणि शेजारी उकिडवं बसून मनगटावरचं घड्याळ बघत राहायचं. पाणी किती वेळात मुरतं त्यावर पुढचा सगळा हिशेब. एका गावात असे सात-आठ खड्डे व्हायचे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा चेष्टेने म्हटलं, "काका, पुस्तकात तक्ते असतात याचे." ते म्हणाले, "असतात. पण पुस्तक लिहिणारा इथे बसला होता का, मला खबर नाही." आणि मला एक बादली आणायला पिटाळलं. उन्हात त्यांच्याशेजारी बसून मी किती पाणी मुरताना पाहिलं आहे! त्या वेळात ते बायकांशी गप्पा मारायचे. पाहुण्यांच्या सोयींबद्दल अक्षर नाही. म्हैस किती दूध देते, मुलगी कुठे दिली, रात्री बाहेर जायला भीती वाटते का. गावाबद्दल मला चार बैठकांत कळत नसे ते त्यांना एका बादलीत कळायचं.

बांधून झालेल्या प्रत्येक संडासात ते स्वतः आत जाऊन, कडी लावून, पाच मिनिटं बसायचे. कपड्यांसकट, नुसतेच. "आत अंधार किती, घुसमट किती, कडीला हात पोचतो का, हे बाहेर उभं राहून कसं कळणार?" एका गावात बाहेरून कडी अडकली आणि साहेब आत. मी गवंड्याला शोधून आणेपर्यंत दारापुढे तीस-चाळीस माणसं जमली होती आणि काका आतून त्यांना समजावत होते की उजेडाची खिडकी वीतभर वर पाहिजे होती. बाहेर आल्यावर घामाने भिजलेले, पण चेहऱ्यावर समाधान. तेव्हापासून त्या भागात त्यांचं नाव संडासवाळा काका पडलं. ते नाव त्यांना सांगायला लोक बिचकायचे. मी सांगितलं, तर दिवसभर खूश होते.

आणि खुंटी. खुंटीवरून त्यांनी माझ्याशी जेवढी भांडणं केली तेवढी पैशावरून कोणी करत नाही. मी बाहेरच्या भिंती लिंपून घ्यायची, पांढऱ्या मातीची नक्षी काढून घ्यायची, दारापुढे तुळस लावायची. काका सगळं बघायचे, छान म्हणायचे, आणि विचारायचे, "पण बाई आत गेली तर ओढणी कुठे अडकवेल? पर्स कुठे ठेवेल? दातात धरेल?" माझ्या नकाशात खुंटी नसायची. मी बाई असून नसायची. एकदा चिडून मी म्हटलं, "काका, खुंटी काय, गवंडी मारेल शेवटी." ते शांतपणे म्हणाले, "शेवटी म्हणून जे ठेवतात ते होत नाही गं." त्यांनी पिशवीतून खुंट्यांचं पुडकं काढलं आणि स्वतः हातोडी घेऊन मारत सुटले.

आता त्या गावाकडे येते. नाव लिहिणार नाही. त्या गावाची माझ्यामुळे एकदा पुरेशी शोभा झाली आहे. डभोईच्या पुढे, ओरसंगच्या काठावर. एक जुनी वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, नदीची रेती, महुड्याची, म्हणजे मोहाची झाडं, आणि मातीची स्वच्छ घरं. बडोद्याची माणसं तिथे रविवारी यायला लागली होती आणि सकाळी लोटा शोधत नदीकडे जायची. नदी म्हणजे गावाचं पिण्याचं पाणी. काकांनी पाणी कुठे जातं ते पाहिलं, खड्डे खणले, बादल्या ओतल्या, आणि सांगितलं, इथे दोन खड्ड्यांचे संडास.

हे प्रकरण सोपं आहे. एका संडासाला दोन खड्डे. मध्ये एक छोटी कुंडी, तिला दोन तोंडं. एका तोंडात वीट बसवून ती चिकणमातीने लिंपायची, म्हणजे सगळं दुसऱ्या तोंडाने एकाच खड्ड्यात जातं. तो भरला की वीट काढून इकडची तिकडे. भरलेला खड्डा झाकायचा आणि दीड वर्ष त्याच्याकडे बघायचंही नाही. तेवढ्या काळात आतलं सगळं मातीसारखं कोरडं खत होतं. टँकर नको, गटार नको, नदीत काही जात नाही. काका म्हणायचे, "पाहुणे गेल्यावर गाव होतं तसं दिसलं पाहिजे, बस. आपल्या कामाची तेवढीच परीक्षा."

गाव तयार नव्हतं. घरालगत असला खड्डा, आणि त्यातलं पुन्हा शेतात टाकायचं म्हटल्यावर लोकांनी नाकं मुरडली. सगळ्यात मोठ्याने चंपाबेन. संडास बांधायची जागा तिच्या वाडीच्या कडेला होती. पन्नाशीची, विधवा, तोंडाने फटकळ, हाताला विलक्षण चव. पाहुण्यांची जेवणं चार घरांत पाळीने व्हायची, त्यात तिची पाळी आली की बडोद्याचे लोक मुद्दाम थांबायचे. तिचे बाजरीचे रोटले आणि वाडीतल्या वांग्यांचं शाक. त्या पाळीवर तिचं घर चालायचं, आणि त्याहून जास्त, गावात तिला मान होता तो त्या चुलीमुळे.

काकांनी तिच्याशी वाद घातला नाही. एका सकाळी तिला आणि आणखी चार बायकांना बसमध्ये घालून दुसऱ्या गावी नेलं. तिथे त्यांनी पूर्वी बांधलेला खड्डा दीड वर्षाने उघडायचा होता. झाकण सरकवलं, काकांनी शर्टाची बाही खांद्यापर्यंत दुमडली, ओणवे झाले आणि कोपरापर्यंत हात आत घातला. वरवरचं ते कधी काढत नसत. "वरचं कोणीही सुकवेल. खालचं दाखवलं पाहिजे." मूठ भरून बाहेर काढली, नाकाला लावली, मग चंपाबेनपुढे धरली. तिने आधी पदर नाकाशी नेला, मग वाकून वास घेतला, मग हातात घेऊन बोटांनी कुस्करलं. "हाय हाय, आ तो माटी छे!" बायका हसायला लागल्या. परत येताना चंपाबेनने पदराच्या टोकाला ती मूठ बांधून आणली आणि मिरचीच्या रोपाला घातली. पुढे गावातल्या प्रत्येक घरात तिनेच जाऊन भांडून संडासाला होकार मिळवला, आणि पहिलं खत आपल्या वांग्यांना मिळेल हे काकांकडून कबूल करून घेतलं.

हा हात घालणं म्हणजे काकांची सही होती. कागदावर ते सही करायला टाळाटाळ करायचे, पण दीड वर्षाने खड्डा उघडताना स्वतः हजर राहून, गावासमोर, हातमोजा न घालता हात घालायचे. मी म्हणाले होते, "काका, निदान मोजे तरी घाला." म्हणाले, "मोजा घातला की लोक मोजाच बघतात."

गावात फलक लावला त्यावर काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, एका दिवसाला पाहुणे चाळीस. जमीन तेवढंच पाणी पिते, म्हणून चाळीस. पहिला खड्डा भरला, एका वैशाखात वीट बदलली, तो झाकला. त्या वर्षीच्या डिसेंबरात मुलीच्या बाळंतपणासाठी काका महिनाभर नाशिकला गेले. जाताना मला म्हणाले, "चाळीस म्हणजे चाळीस. आणि वीट हलवायची नाही. काही झालं तर फोन कर."

नाताळच्या सुट्टीत आम्हाला पैसे देणाऱ्या मंडळींनी विचारलं, आमची सगळी माणसं घरच्यांसह दोन दिवस आणू का? तीन बसगाड्या. त्यांनी नुसतं विचारलं होतं, नाही म्हणायची मला पूर्ण मोकळीक होती. मी हो म्हटलं. माझी नक्षीदार भिंत, माझी तुळस, माझ्या पायवाटा एवढ्या माणसांनी बघाव्यात असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी तुंबलं. बायका रांगेत उभ्या, आत पाणी वर आलेलं. मी रमणभाई गवंड्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ते दुसरं तोंडही उघडा, दोन्ही खड्ड्यांत जाऊ दे. तो कचरला. "काका तो ना पाडी ने गया छे, बेन." काका नको म्हणून गेलेत. मी म्हटलं, "काकांशी मी बोलते."

मी बोलले नाही. मोबाइल हातात होता. फोन केला असता तर ते ओरडलेही नसते, पहिलं एवढंच विचारलं असतं, किती माणसं आहेत? आणि तो आकडा मला सांगायचा नव्हता.

वीट निघाली, पाणी उतरलं, सहल आनंदात गेली. दोन दिवसांनी वीट परत लावायची होती. रमणभाई लग्नाला गेला, मी दुसऱ्या कामात पडले. तीन महिने झाकलेल्या खड्ड्यात रोजची ताजी घाण जात राहिली. होळीच्या सुमारास रमणभाई भेटला तेव्हा मी विचारलं. "लगावी दीधी, बेन. हवे पाक्की." लावली, आता पक्की. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो विषय मनातून काढून टाकला. काका नाशिकहून आले होते, नातीचे फोटो दाखवत होते, त्यांच्या त्या आनंदात हे कुठे सांगायचं, असंही मी स्वतःला समजावलं. कारणं मला कधीच कमी पडली नाहीत.

दिवाळीनंतर काकांनी डायरी बघून दिवस ठरवला. पहिला खड्डा उघडायचा. आजूबाजूच्या चार गावांची माणसं बोलावली, पैसे देणारे लोक आले, मांडवाखाली खुर्च्या लागल्या. चंपाबेन नवी साडी नेसून, घमेलं घेऊन पुढे बसली होती. मला सगळं माहीत होतं. खड्डा दीड वर्ष झोपलेला नाही, जेमतेम आठ महिने. मी मनात म्हणत होते, आठ महिनेही काही कमी नाहीत, उन्हाळा गेलाय मधला, झालं असेल. झाकण निघालं तेव्हा वरचा थर कोरडा, भेगाळलेला दिसला, वासही नव्हता. काकांनी माझ्याकडे बघून हसत मान हलवली आणि बाही दुमडायला लागले. त्यांना बाही दुमडायला वेळ लागायचा. एकेक घडी नीट करायचे. तेवढ्या वेळात मी "काका, थांबा" म्हणू शकले असते. एवढे दोनच शब्द होते. माझ्या हातात मोबाइल होता, फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं. मी फोटो काढत राहिले.

हात कोपरापर्यंत गेला आणि काका थबकले. त्यांना आतच कळलं असणार. तरी त्यांनी हात बाहेर काढला, कारण एवढे लोक बघत होते. मग वास आला. पुढच्या ओळीतली माणसं खुर्च्या सरकवून उठली, कोणीतरी हसलं, मग बरेच हसले. कोणी ओरडलं, "काका, आ खातर छे?" हेच का खत? काका तसेच उभे होते, हात अंगापासून लांब धरून. चंपाबेन धावली. तिने कळशीने त्यांच्या हातावर पाणी ओतलं, राख दिली, पुन्हा ओतलं, तीन कळशा झाल्या तरी ओतत राहिली. इतकी गप्प मी तिला कधी पाहिली नव्हती.

हात धुऊन काका कुंडीकडे गेले. तिचं झाकण उचललं आणि आत बघत बराच वेळ बसले. मी चार पावलांवर होते. आत वीट होती, पण चिकणमातीने लिंपलेली नव्हती. सिमेंटने बसवलेली होती. काकांनी आयुष्यात ती वीट सिमेंटने बसवली नव्हती. झाकण पुन्हा ठेवून ते उठले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि लोकांपुढे जाऊन म्हणाले, "मारी गणतरी खोटी पडी. वांक मारो छे." माझा हिशेब चुकला, दोष माझा. हे गुजराती मात्र ते अगदी शुद्ध बोलले. मी मोबाइल पर्समध्ये ठेवला आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणायला गेले. तेवढंच मला सुचलं.

पुढचं झपाट्याने झालं. गावाने ठरवलं, हे खड्डे नकोत. शेजारच्या गावांनी आपले होकार मागे घेतले. अहवाल मी लिहिला. त्यात मी लिहिलं की सदर रचना स्थानिक जमिनीस अनुपयुक्त ठरली. स्वतःच्या हाताने लिहिलं. काकांनी ते वाचलं, चष्मा काढला, "बरं," म्हणाले आणि कागद परत दिला. त्या महिन्यानंतर ते कामावर आले नाहीत. पाठ दुखते म्हणाले. गावात मोठी टाकी बांधली, तिचा नकाशा माझाच. ती उपसायला डभोईहून टँकर येतो आणि भरून निघून जातो. तो कुठे रिकामा होतो, हे आता कोणी विचारत नाही.

चंपाबेनच्या ओसरीवर त्यानंतर पाहुण्यांची पंगत बसली नाही. हिच्याच वाडीत ते खत जाणार होतं, हिनेच सगळ्यांना भरीला घातलं, असं बोलणं सुरू झालं. बायकांच्या बैठकीत गाजावाजा न करता तिची पाळी काढून दुसऱ्या घराला दिली. मी त्या बैठकीला होते. तिने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं मी काहीतरी म्हणेन अशा आशेने. मी वही चाळत होते. वांगी तिने नंतर लावलीच नाहीत.

दोन वर्षांनी मी काकांच्या मांजलपूरच्या घरी गेले. का गेले ते नीट सांगता येत नाही. झोप लागत नव्हती असं म्हणणं सोपं आहे, पण झोप लागत होती, त्याचीच लाज वाटायला लागली होती. काकांनी स्वतः चहा केला. मी कप हातात धरून म्हटलं, "काका, ती वीट मी काढायला लावली होती."

"मला खबर आहे," ते म्हणाले. "सिमेंट बघितलं मी. रमणभाई आपल्या मनाने वीट हलवणारा नाही."

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"तेव्हा तुझं नाव घेतलं असतं तर तुला त्या गावात पुन्हा उभं राहता आलं नसतं. तुला अजून पुष्कळ काम करायचंय. माझं काय." त्यांनी माझ्यापुढे चिवड्याची ताटली सरकवली. "मला वाटलं, तू आठ दिवसांत येशील. मग वाटलं, महिनाभरात येशील. मी रोज संध्याकाळी घरी थांबायचो गं."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "मला सांगून काय होणार? मी मजेत आहे. तिची चूल गेली. तिला सांग, सगळ्या बायकांच्या समोर सांग. खड्डा बरोबर होता, माटी झाली असती, एवढं तिच्या कानावर पडलं पाहिजे."

"मला एकटीला नाही जमणार."

"मी येतो. तू बोल, मी नुसता शेजारी बसतो. रविवारी सकाळी सात वाजता. मी खाली सोसायटीच्या गेटपाशी थांबतो."

रविवारी मी निघाले. गाडीत पेट्रोल भरलं, टायरची हवा तपासली, सगळं शहाण्या माणसासारखं केलं. वाटेत मी वाक्यं जुळवत होते. चंपाबेन, मला माफ करा. चंपाबेन, त्या वेळी काय झालं की. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तिचा चेहरा यायचा आणि मला पुढचं सुचायचं नाही. तिने शिव्या दिल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या. ती त्या दिवशीसारखी गप्प बसली तर काय, हे मला पेलणार नव्हतं.

काकांच्या सोसायटीच्या अलीकडे एक टेम्पो उभा होता. त्याच्या आडोशाला मी गाडी थांबवली. समोर गेटपाशी काका उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला पिशवी. दोन्ही हातांत एकेक टोपी होती, कापडी, उन्हात घालतात तशी. दुसरी कोणासाठी ते मला कळायला वेळ लागला नाही. अधूनमधून ते रस्त्याच्या टोकाकडे बघायचे, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे थोडं वाकून. वीस मिनिटं मी तशीच बसून होते. मग मी फोन लावला.

फोन वाजल्यावर त्यांनी दोन्ही टोप्या घाईने एका हातात घेतल्या आणि खिसा चाचपला. मी म्हटलं, "काका, मला ताप भरलाय."

"अरे. किती आहे?" ते म्हणाले. कानात आवाज येत होता आणि काचेतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते. "औषध घेतलंस? घरी कोणी आहे का? नसेल तर मी येऊ का?"

"नको, नको. पुढच्या रविवारी जाऊ."

"हो, पुढच्या रविवारी. काही घाई नाही. तू झोप."

त्यांनी फोन खिशात ठेवला. मला वाटलं, आता वर जातील. पण ते तिथेच उभे राहिले. एक टोपी त्यांनी डोक्यावर घातली, दुसरी हातात धरली आणि पुन्हा रस्त्याच्या टोकाकडे बघायला लागले. मी गाडी मागे घेतली आणि वळवली.